ती तार मीच काढली

७ नोव्हेंबर, शुक्रवार. उणे ९.

कॅरिस फ्रीझनचा नवा अल्बम आज आला. नाव 'उणे चाळीस'. मी तो ऐकणार नाही. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मोह झाला तर ही ओळ वाचता येईल.

कारण साधं आहे. ही बाई एक दिवस अख्ख्या कॅनडासमोर माझी लाज काढणार हे मला सात वर्षांपासून ठाऊक होतं. इथे वेल्बीत आम्ही एक पूर्ण हिवाळा एका छपराखाली काढलाय. असं नातं गाण्यात उतरतंच. आमच्यात काय होतं ते आम्हाला माहीत. बोलून दाखवायची वेळ कधी आली नाही.

संध्याकाळी.

ऐकला. नाइलाज होता. गॅरीने दुकानात मोठ्याने लावला होता आणि कानात बोळे घालून टायर बदलता येत नाहीत. गॅरी म्हणजे माझ्या बहिणीचा, डोनाचा नवरा. टायरचं दुकान त्याचं. मी तिथे तात्पुरता आहे. त्यांच्या तळघरात राहतो तेही तात्पुरतंच.

जे व्हायचं तेच झालं. बारा गाणी, बाराही माझ्यावर. डोकं भणभणतंय.

९ नोव्हेंबर. उणे १४.

आज शांतपणे पुन्हा ऐकला. चार वेळा.

दुसऱ्या गाण्यातला माणूस बोटं मोडतो. मी बोटं मोडतो. पाचव्यातला माणूस दुसऱ्याला बोलूच देत नाही. हा आरोप खोटा आहे, पण रोख माझ्यावरच आहे. सातवं गाणं एका उंच, सोनेरी केसांच्या माणसावर आहे. तिथे तिने ओळख लपवायला मला उंच केलंय.

आणि आठवं, 'तार'. गाणं काय, चार ओळी आहेत फिरून फिरून. नारिंगी तार, तिला हिरवी चिकटपट्टी. तू म्हणालास गाडीला लावलीय, आणि सकाळी बघते तर तार बर्फात पडलेली. बस. यावर गॅरी रडला. गॅरी स्वतःच्या आईच्या मयताला रडला नव्हता.

पण इथल्या माणसाला ते लागतंच. रात्रभर गाडी तारेने विजेवर लावून इंजिन गरम ठेवलं नाही, तर सकाळी दारात गाडी नसते, लोखंडाचा ठोकळा असतो. वेल्बीत लोक बायको पळवलेली विसरतात. गाडीची तार काढलेली विसरत नाहीत.

ती तार मी काढली होती. यात लपवण्यासारखं काय आहे? घराबाहेर दोन सॉकेट होती, त्यातलं एक मेलेलं. मला सकाळी ट्रक घेऊन महत्त्वाच्या कामाला जायचं होतं. तिची काढली, माझी लावली. कुणीही लावली असती. आता याचं रडगाणं करून जगभर विकायचं म्हणजे कमाल झाली.

निश्चय:
१. वकील.
२. उत्तरादाखल आपलाही अल्बम. डोनाच्या मुलीचा कीबोर्ड धूळ खात पडलाय. नाव सुचलं: 'दुसरं सॉकेट'. कव्हरवर मी ट्रकला टेकून उभा, नजर दुसरीकडे.
३. दारातला बर्फ रोज काढणे. (हे डोनाने लिहायला लावलं.)

१४ नोव्हेंबर. उणे १७.

अल्बम कॅनडात पहिला. अमेरिकेतही पहिला. ऑस्ट्रेलियातसुद्धा पहिला, जिथे गाडीला तार लावतात हे कुणाच्या बापाला माहीत नाही. गॅरीने वाचून दाखवलं की तिकडच्या मुलींना वाटतं ही तार दवाखान्यातल्या यंत्राची आहे आणि गाण्यातला माणूस मरतो. म्हणजे मी मेलोही.

वकिलाला फोन केला. त्याने विचारलं, तुमचं नाव कुठल्या गाण्यात आहे? म्हटलं, कुठल्याच नाही. तो म्हणाला, मग? मी म्हटलं, तेच तर सांगतोय, नाव घेतलं नाही यातच तिच्या मनातलं पाप दिसतं. तो म्हणाला, मला दुसरा फोन येतोय. मला काही त्याच्या फोनची घंटा ऐकू आली नाही.

दुपारी कॅफेत गेलो तर म्हाताऱ्यांचं टेबल गप्प झालं. माझ्याबद्दलच चाललं असणार. विल्मर म्हातारा माझ्याकडे रोखून बघत राहिला, आणि शेवटी म्हणाला, दार लाव बाबा, गुडघे गोठले. टोमणा कळला मला.

बर्फ काढला नाही. मनःस्थिती नव्हती.

२२ नोव्हेंबर, शनिवार. उणे १९.

तिचे चाहते आले. मी म्हणतच होतो. मिनीसोटाहून व्हॅन भरून पोरी. प्रत्येकीच्या गळ्यात नारिंगी तारेचा तुकडा. ही आता फॅशन आहे म्हणे. आपल्या हार्डवेअरवाल्याने मीटरवर तार कापून विकायला काढलीय, हिरवी पट्टी वेगळी.

मी तयारीत होतो. कालच केस कापून घेतले होते. निळा शर्ट घालून दुकानाच्या दारात उभा राहिलो. ठरवलं होतं, अंगावर थुंकल्या तरी शांत राहायचं. फक्त एक वाक्य बोलायचं: प्रत्येक तारेला दोन टोकं असतात. आठवडाभर घोकलं होतं.

त्यातली एक पुढे आली आणि म्हणाली, काका, नेथन वीबचं घर कुठे?

काका. मी छत्तीसचा आहे.

२३ नोव्हेंबर.

घाईत लिहितोय, अक्षर वाईट येईल.

डोनाला विचारलं, या पोरी नेथनकडे कशाला गेल्या? ती म्हणाली, अरे, 'तार' त्याच्यावरच नाही का? सगळ्या गावाला माहीत आहे. कॅरिस त्याला सोडून गेली ती त्या तारेवरूनच.

म्हणजे गाव गेले दोन आठवडे मला हसत नव्हतं. माझ्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

नेथनबद्दल लिहावंच लागणार. तर तोही त्या घरात राहायचा. वरच्या मजल्यावर. कॅरिसबरोबर. भाडेपट्टीवर त्या दोघांची नावं होती आणि मी तळघरात होतो, हे खरं आहे. पण तळघराची खिडकी बरोबर तिच्या गाडीसमोर उघडायची, त्यामुळे तिच्या आयुष्याकडे त्याच्यापेक्षा माझं लक्ष जास्त होतं. तिने मला दोनदा चहा दिलाय. एकदा मी टायरमधल्या हवेबद्दल सांगत होतो तेव्हा तिने डोळे मिटून ऐकलं होतं. अशा गोष्टी माणूस विसरत नाही.

आणि आता अल्बम नेथनवर. आयत्या बिळावर नागोबा. त्याने काय केलं होतं? काही नाही. रात्री तार लावली आणि झोपला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण लहानपणापासून ऐकतोय. त्या चोराला काय वाटत असेल हे कुणी विचारत नाही.

३० नोव्हेंबर. उणे २६.

नेथन टीव्हीवर. विनिपेगहून कॅमेरा आला होता. हा वीज कंपनीत खांबावर चढायच्या नोकरीला आहे, त्यामुळे त्यांना आणखीच मजा. विजेच्या माणसाने तार लावली नाही, वगैरे. त्याला विचारलं, तुम्हाला काय म्हणायचंय? तो खाली बघून म्हणाला, मी लावली होती. एवढंच. दार लावून घेतलं.

लावली होती म्हणे. अरे, लावली होतीस हे मलाही माहीत आहे, मीच ती काढली. लावण्याचं कौतुक कुणाला आहे? गाणं लावण्यावर आहे की काढण्यावर?

त्याच्या अंगणात लोक नारिंगी तारा फेकून जातात. कुंपणाच्या वर ढीग झालाय. आमच्या अंगणात एक तुकडा नाही. डोना म्हणाली, तुकडे सोड, आधी बर्फ काढ.

४ डिसेंबर.

झोपून विचार केला, एक गोष्ट लख्ख दिसली. ती आधी माझ्याही कशी लक्षात आली नाही?

त्या सकाळी कॅरिसला विनिपेगला गाण्याच्या परीक्षेला जायचं होतं. गाडी सुरू झाली असती तर ती पोचली असती, पास झाली असती आणि आज कुठल्यातरी कोरसमध्ये मागच्या रांगेत उभी असती. गाडी सुरू झाली नाही. परीक्षा बुडाली. तिने नेथनला खोटारडा म्हटलं, गिटार उचलली, संध्याकाळची बस पकडली आणि टोरांटो गाठलं. पुढचं सगळं त्यातून.

म्हणजे 'उणे चाळीस' मी केलाय. ती नुसती गायली.

माझा राग आता वेगळ्या जागी आहे. तिने बदनामी केली म्हणून नाही. माझी बदनामी दुसऱ्याला दिली म्हणून.

निश्चय: खरं जगासमोर आणणे. पुरावा आहे. घर सोडताना ती तार मी बरोबर आणली होती. नारिंगी, तिला हिरवी चिकटपट्टी. नेथनने स्वतः गुंडाळलेली, हॉकीच्या काठीला लावतात ती. आज खोक्यातून काढून पुसली.

१२ डिसेंबर. उणे ३१.

रेडिओला फोन केला. सकाळचा कार्यक्रम. बाईला सांगितलं, तार मी काढली. ती म्हणाली, नाव? लॉर्न प्रिस्टुपा. तिने कुणाला तरी हाक मारून सांगितलं, अगं, आणखी एक आलाय. मग मला म्हणाली, दादा, काल ब्रँडनच्या एका माणसाने हेच सांगितलं, तो तर तिला कधी भेटलाही नाही. तुम्ही भेटलाय का? म्हटलं, एका छपराखाली राहिलोय. ती म्हणाली, तोही असंच म्हणाला.

देशात इतके खोटारडे असतील असं वाटलं नव्हतं. प्रामाणिक माणसाने करायचं काय?

गॅरीला तार दाखवली. म्हणाला, अशी आपल्याकडे दुकानात सहा आहेत.

७ जानेवारी. उणे ३४.

आमचा युक्रेनी नाताळ, जुन्या पंचांगाचा. डोनाने बारा पदार्थ केले. उकडलेल्या करंज्यांसारखे बटाट्याचे पेरोगी मी आठ खाल्ले, पण तोंडाला चव नव्हती.

जेवताना परत विषय काढला. घरचे तरी विश्वास ठेवतील म्हणून सगळं पहिल्यापासून सांगितलं. डोनाने चमचा खाली ठेवला. म्हणाली, लॉर्न, दुसऱ्याच्या गाण्यात घुसायची एवढी हौस का रे तुला? लहानपणी लोकांच्या लग्नाच्या फोटोत असाच मध्ये जाऊन उभा राहायचास.

मग गॅरीने विचारलं, बरं, त्या सकाळी तुला एवढं कुठे जायचं होतं?

म्हटलं, मासे धरायला. तळ्यावर. बर्फाला भोक पाडून.

गॅरी म्हणाला, गेलास?

नव्हतो गेलो. पहाटे मित्राचा फोन आला की फार थंडी आहे, नको. मी बाहेर जाऊन ट्रकची तार काढून आणली, कारण वीज फुकट घालवणं मला आवडत नाही, आणि परत झोपलो. तिची तार तिथेच बर्फात पडली होती. ती उचलून परत लावायला हातमोजे लागले असते आणि ते आत होते. शिवाय ट्रक मागच्या गल्लीत होता, त्यामुळे सकाळी तिला दुसरं काही दिसायचा प्रश्नच नव्हता.

डोना म्हणाली, बघ, गोष्ट रचायचीच तर जरा बरी तरी रचावी. इतका बिनकामाचा माणूस कुणी गाण्यात ठेवेल का?

उठून तळघरात आलो. मागाहून तिने खसखशीची खीर पाठवली. खाल्ली, पण रागातच.

२० जानेवारी. उणे ३८.

शेवटी मूळ माणसाकडेच गेलो. नेथन कॅफेत एकटा बसला होता, भिंतीकडे तोंड करून. हल्ली त्याच्या टेबलावर कुणी बसत नाही. हॉकीच्या टीममधूनही त्याला काढलंय, कारण तो बर्फावर उतरला की लोक 'तार' म्हणायला लागतात आणि सामना थांबतो. इतकं मिळूनही चेहरा सुतकी. माझ्यासाठी कधी सामना थांबला नाही.

समोर बसलो आणि सरळ सांगितलं. नेथन, तार तू लावली होतीस. मी काढली.

त्याने कप खाली ठेवला. मला वाटलं आता गचांडी धरणार. मी चष्मा काढून खिशात ठेवला. पण त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, लॉर्न, सात वर्षांत तू पहिला आहेस जो म्हणाला की मी लावली होती. आईसुद्धा म्हणते, विसरला असशील रे, कबूल कर आणि मोकळा हो. तू माझ्यासाठी स्वतःवर घेतोयस हे मला कळतं. फार मोठं मन आहे तुझं.

मी म्हटलं, मन बिन काही नाही, मी खरंच काढली. तो हसला, माझा खांदा दाबला आणि पाठ वळवून कोट घालायला लागला. म्हणाला, राहू दे. मला एवढंच पुरे आहे.

मला नाही पुरे. कुठल्याही सभ्य देशात गुन्हा कबूल केला की निदान गुन्हेगार तरी मानतात.

घरी येईपर्यंत त्याचा तो हात खांद्यावर असल्यासारखा वाटत होता. चीड आली.

११ फेब्रुवारी. उणे २९.

बातमी. कॅरिस १४ मार्चला वेल्बीत येतेय. आपल्या हॉकीच्या हॉलमध्ये कार्यक्रम, फक्त गावकऱ्यांसाठी. डोना खाण्याच्या कमिटीवर आहे. तिच्यामागे लागून मीही कमिटीवर आलो. पार्किंगच्या. सगळ्या गाड्यांना तारा लावायच्या. नियती आंधळी नसते.

निश्चय:
१. भाषण पाठ करणे.
२. पाच किलो कमी करणे.
३. 'दुसरं सॉकेट' तिला ऐकवणे. कव्हर तयार आहे. नाव तयार आहे. पहिल्या गाण्याची पहिली ओळ जवळजवळ तयार आहे.

तिला काय वाटेल याचा विचार करतोय. सात वर्षं तिने चुकीच्या माणसावर गाणी गायली. खरा माणूस समोर आला की ती रडेल. मी रागावणार नाही. थोडासाच रागावेन.

१० मार्च.

भाषण पाठ. अडीच किलो वाढलो.

१५ मार्च, रविवार. सकाळी.

सगळं जसं झालं तसंच लिहितो.

काल डोनाचा ट्रे हातात घेऊन मागच्या खोलीत गेलो. लिंबाच्या वड्या होत्या. ट्रेखाली तार. कॅरिस खुर्चीवर बसून गिटार लावत होती. टीव्हीवर दिसते त्यापेक्षा बारीक आहे. तिने वर पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, तू तो तळघरातला ना? लॉईड?

म्हटलं, लॉर्न.

ती म्हणाली, हो हो, लॉर्न. कसा आहेस?

भाषण बावीस ओळींचं होतं. एकही आठवेना. तार काढून तिच्या मांडीवर ठेवली. तिने हिरव्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि हसली. विचारलं, ही तुला कुठे मिळाली? मी म्हटलं, ही मी काढली होती. त्या रात्री. नेथनने लावली होती, तो झोपल्यावर मी काढली. 'तार' माझ्यावर आहे.

तिचं हसू जायला वेळ लागला. विचारलं, नेथनने लावली होती? म्हटलं, हो, मी खिडकीतून बघत होतो, नेहमीसारखी नीट लावली, वर बर्फ जाऊ नये म्हणून पिशवीसुद्धा बांधली. तिने विचारलं, तुला कुठे जायचं होतं? म्हटलं, मासे धरायला. गेलास? नाही.

ती म्हणाली, सात वर्षं का नाही सांगितलंस?

मी म्हटलं, कुणी विचारलंच नाही.

मला वाटलं होतं ती ओरडेल. त्याची तयारी होती, खरं सांगायचं तर त्याचसाठी गेलो होतो. तिने माझ्यावर एकदा मनापासून ओरडावं, एवढंच मला हवं होतं. तेवढं तरी माझं असतं. पण ती माझ्याकडे बघतही नव्हती. ती तारेकडे बघत होती. आपल्याशीच म्हणाली, त्या दिवशी तो दारात उभा राहून शपथ घेत होता, आणि मी त्याला म्हटलं, जो तारेबद्दल खोटं बोलतो तो कशाबद्दलही बोलेल. मग वर न बघता मला म्हणाली, तू जा आता. वड्या राहू देत.

कार्यक्रमात आठवं गाणं आलं. तिने पहिली ओळ म्हटली आणि थांबली. लोकांना वाटलं आपण म्हणायचंय, सगळा हॉल म्हणायला लागला, गळ्यातल्या तारा वर करून. तिने हात करून सगळ्यांना गप्प केलं. म्हणाली, हे गाणं खोटं आहे. नेथनने तार लावली होती. मला आज कळलं. त्याच्या अंगणात ज्यांनी तारा टाकल्या त्यांनी उद्या जाऊन उचला.

लोकांनी वर केलेल्या तारा खाली घेतल्या. मग विल्मर म्हाताऱ्याने पहिल्या रांगेतून मोठ्याने विचारलं, मग काढली कुणी?

माझा क्षण. पार्किंगचं चमकदार जाकीट घालून मी मागच्या भिंतीशी उभा होतो. हात वर केला. दोन्ही केले. मागून डोना म्हणाली, लॉर्न, हात खाली कर, बायकांना दिसत नाहीये. आणि कॅरिसने नववं गाणं सुरू केलं.

बाहेर येऊन सगळ्या गाड्यांच्या तारा काढल्या. ते कामच होतं माझं. शेवटची तिची होती. बराच वेळ ती काढली नाही.

१५ मार्च, दुपारी.

तिची गाडी नेथनच्या दारात आहे. अर्धं गाव त्याच्या अंगणात तारा उचलायला गेलंय. विल्मरसुद्धा, काठी घेऊन. मी गेलो नाही. मी टाकल्या नव्हत्या.

२ एप्रिल. उणे ४.

तिची गाडी अजून तिथेच आहे.

गावात चर्चा एकच, कॅरिस आणि नेथन. तार काढणारा कोण, हे कुणी विचारत नाही. विल्मरला मी स्वतः सांगितलं. तो म्हणाला, हो का? मग म्हणाला, यंदा बर्फ लवकर वितळेल.

२५ मे.

कॅरिस-नेथनच्या लग्नाआधीचं सोशल झालं, म्हणजे गावाने तिकीट काढून नाचायचं आणि पैसे जोडप्याला द्यायचे. कम्युनिटी हॉलमध्ये सगळं गाव नाचलं. नंतर नेहमीचं, राईचा पाव, सलामीचे काप, चीजचे तुकडे. मला आमंत्रण नेथनने स्वतः आणून दिलं होतं. आता त्याला सगळं माहीत आहे. कॅफेत बोललो ते खरं होतं हेही माहीत आहे. दारात उभा राहून म्हणाला, तू मला सांगितलं होतंस, मीच ऐकलं नाही. मग म्हणाला, पण सात वर्षं, लॉर्न.  दोघंही बर्फ नसलेल्या पायवाटेकडे बघत उभे राहिलो.

त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं. अजून राग येतोय. कुणाचा ते नीट कळत नाही.

१९ जून, शुक्रवार.

'उणे चाळीस' पुन्हा आला, तेरावं गाणं घालून. पुन्हा पहिला नंबर. नवं गाणं नेथनची माफी मागणारं आहे. चाल गोड आहे. सकाळपासून दुकानात मीच लावलंय.

गाण्यात ती म्हणते, तू लावलीस, आणि कुणीतरी काढली. कुणीतरी. चार वेळा येतो हा शब्द. तिसऱ्या वेळी तिचा आवाज जरा थरथरतो असं मला वाटतं, पण त्या जागी ढोलही आहे.

गॅरी ग्राहकाला घेऊन आला आणि म्हणाला, काय लावलंयस हे, कुणावर आहे? मी म्हटलं, माझ्यावर. तो म्हणाला, बरं, आवाज कमी कर. आणि या गाडीचे नट आवळलेस का?

आवळलेत, म्हटलं.

तो आत गेला. मग मी वाकून एकेक तपासला. दोन सैल होते.